कार्ट्रिजची दृष्ट काढून गाणं सुधारतं का?

रेकॉर्डी परत आल्या आहेत. अमेरिकेत २०२२ साली एलपींची विक्री सीडींपेक्षा जास्त झाली, ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख. असं १९८७ नंतर पहिल्यांदाच घडलं. आमच्या इंदूरची आकडेवारी कोणी ठेवत नाही, पण राजेंद्रनगर, टिळकनगर, सुदामानगरातल्या मराठी घरांच्या माळ्यांवरून खोकी खाली उतरताना मी पाहतो आहे. आजोबांच्या तबकड्या नातवांना हव्या झाल्यात. आणि तबकड्यांमागोमाग त्यांच्या भोवतीचे सगळे तोडगेही आले.

माझ्या मावसभावाने असाच एक तोडगा मागवला. पुस्तकाएवढा डबा, एक बटण, दोन वायरी. कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला लहानसा ठोकळा; तो ‘डिमॅग्नेटाइझ’ करायचं, म्हणजे त्यात साठलेलं चुंबकत्व उतरवायचं यंत्र. किंमत विचारू नका, तेवढ्यात बऱ्यापैकी नवं कार्ट्रिज आलं असतं. रविवारची सकाळ, जानेवारीतली थंडी, पोहे-जिलबी उरकलेली. त्याने अमीर खाँसाहेबांची एलपी एकदा वाजवली, वायरी काढून डब्याला जोडल्या, बटण दाबलं, वीस सेकंदांनी हिरवा दिवा लागला. वायरी परत जागेवर, आणि तीच बाजू पुन्हा.

“दादा, ऐक! पडदा बाजूला झाला ना? भिया, हे आधी होतंच कुठे!”

खरं सांगतो, मलाही फरक जाणवला. तानपुरा जास्त मोकळा, सूर जास्त जवळचा. मी आयुष्यभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं आणि त्या क्षणी मान डोलावून मोकळा झालो. घरी येताना मात्र डोकं चालू झालं. काय उतरवलं आपण नेमकं? आणि उतरवलं तर ते गेलं कुठे?

सुई, दांडी आणि केसाहून बारीक तार

रेकॉर्डवरच्या खाचेच्या भिंती नागमोडी असतात. ही नागमोड म्हणजेच गाणं. सुई त्या खाचेतून जाताना थरथरते, ती थरथर एका बारीक दांडीच्या दुसऱ्या टोकाला पोचते आणि तिथे तिची वीज होते. हे सगळं ज्या लहानशा ठोकळ्यात घडतं तो कार्ट्रिज.

वीज होते ती फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या नियमाने. तारेचं वेटोळं आणि चुंबक यांपैकी एक हललं की तारेत वीज येते. कोण हलतं यावरून कार्ट्रिजच्या जाती पडतात. दांडीच्या टोकाला चुंबक असेल आणि वेटोळी स्थिर असतील, तर तो ‘मूव्हिंग मॅग्नेट’, म्हणजे एमएम. घराघरांतले बहुतेक कार्ट्रिज हेच. उलट दांडीच्या टोकाला वेटोळी आणि चुंबक ठोकळ्यात घट्ट बसवलेला, तर ‘मूव्हिंग कॉइल’, म्हणजे एमसी. हा महाग आणि नाजूक, आणि चुंबक उतरवण्याची सगळी चर्चा मुख्यतः याच्याबद्दल. तिसऱ्या जातीत दोन्ही स्थिर राहतात आणि मधला लोखंडाचा तुकडा हलतो; तिला इथे सोडून देऊ.

एमएममधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. एमसीमधून त्याचा दहावा हिस्सा, ०.३ मिलिव्होल्टच्या आसपास. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा, म्हणजे पाच हजार पट मोठा. एमसीची वेटोळी हलकी असावी लागतात, कारण ती सुईबरोबर नाचतात. म्हणून वीस-पंचवीसच वेढे, तेही केसाहून बारीक तारेचे. एवढ्या थोड्या वेढ्यांतून थोडी जास्त वीज मिळावी म्हणून काही कारखानदार ती तार मऊ लोखंडाच्या इवल्याशा तुकड्यावर गुंडाळतात. या तुकड्याला गाभा म्हणू. काही जण गाभा लोखंडाचा न करता प्लास्टिकचा किंवा माणकाचासुद्धा करतात.

गाभ्यात लोखंडच नसेल, तर उतरवायला काही नाही. तशा कार्ट्रिजच्या मालकांनी इथेच वाचन थांबवलं तरी चालेल.

चुंबक ‘उतरवणं’ म्हणजे काय

लोखंडाच्या आत लहान लहान गट असतात, प्रत्येक गट स्वतः एक छोटासा चुंबक. एरवी त्यांची तोंडं वाटेल तिकडे असतात, त्यामुळे एकाचा जोर दुसरा खातो आणि बाहेर काही जाणवत नाही.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदूरच्या रंग उडवत जाणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर उभे राहिला असाल तर हे लगेच कळेल. गर्दी असते, पण जो तो आपल्याच दिशेला बघत असतो. एका बाजूने टँकरवरची रंगाची तोफ सुटली की सगळे एकदम पाठ फिरवतात. क्षणभर हजार माणसांची तोंडं एकाच दिशेला. तोफ थांबली की बहुतेक जण परत आपापल्या उद्योगाला लागतात, पण काही तसेच पाठ करून उभे राहतात, पुन्हा उडेल या भीतीने. हे जे पाठ करून राहिलेले, ते लोखंडात ‘मागे उरलेलं चुंबकत्व’.

मऊ लोखंड म्हणजे ही गेरीची गर्दी. चटकन वळते, चटकन विस्कटते. कायमचा चुंबक ज्या धातूचा करतात तो महूच्या छावणीतल्या परेडसारखा. वळवायला जोर लागतो, पण एकदा वळली की हुकूम येईपर्यंत हलत नाही.

उरलेल्यांना विस्कटायचं कसं? तोफ आलटून पालटून दोन्ही बाजूंनी मारायची, आणि दर वेळी थोडी हळू. पहिल्या माऱ्याला सगळे वळतात, पुढच्याला जरा कमी, त्याच्या पुढच्याला आणखी कमी. शेवटी जो तो जिथे सापडला तिथे थांबतो आणि एकसारखी दिशा उरत नाही. चुंबक उतरवणारं प्रत्येक यंत्र हेच करतं. उलटसुलट वाहणारी वीज देतं आणि ती हळूहळू शून्यावर आणतं. तुटकपणे बंद केली तर काम बिघडतं.

हे शास्त्र खरं आहे आणि उपयोगाचंही. घड्याळवाल्या काकांकडे एक लहान यंत्र असतं. चावीच्या घड्याळाची बारीक स्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळतं, ते या यंत्रावर धरून दुरुस्त होतं. जुना रंगीत टीव्ही लावला की ‘धप्प’ असा आवाज यायचा, तो पडद्यामागच्या वेटोळ्यातून याच कामासाठी सोडलेल्या विजेचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे चुंबकी सुरुंग जहाजाच्या लोखंडाने फुटत, म्हणून ब्रिटिशांनी जहाजांभोवती केबल गुंडाळून त्यांचं चुंबकत्व मारलं.

म्हणजे यंत्र खोटं नाही. ते कुठे लावतो आहोत, हा प्रश्न आहे.

दावा काय आहे, तो त्याच्या बाजूने मांडू

खोडून काढायचं तर आधी दावा नीट ऐकावा. तो असा: एमसीच्या लोखंडी गाभ्यातून सतत गाण्याची वीज फिरते. कधी अँप्लिफायरकडून एकाच दिशेची चिमूटभर वीज गळून आत येते. कधी कोणीतरी मल्टिमीटर लावून वेटोळी शाबूत आहेत का ते तपासतं आणि तीही वीज एका दिशेचीच असते. यामुळे गाभ्यात थोडं थोडं चुंबकत्व साठत जातं आणि आवाज ‘बसतो’: वरचे सूर कोंदट, बारकावे गुळमुळीत. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी चुंबकत्व उतरवावं.

तर्क वेडगळ नाही. ‘किती’ हा शब्द मात्र त्यात कुठेही नाही.

आता आकडे टाकू

एमसीचा ०.३ मिलिव्होल्ट, वेटोळ्याचा रोध १० ओहम, पुढच्या अँप्लिफायरचा १०० ओहम. भागाकार केला की साधारण ३ मायक्रोअँपिअर वीज फिरते, अँपिअरचा तीन लाखावा भाग. वेढे वीस आणि गाभा एक मिलिमीटरचा धरला, तर या विजेमुळे तिथे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र ०.०७५ मायक्रोटेस्ला भरतं.

आकडा एकटा काही बोलत नाही, म्हणून शेजारी दुसरा ठेवू. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, ज्यावर होकायंत्राची सुई फिरते, ते आपल्या इंदुरात साधारण ४५ मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे गाणं गाभ्याला जितकं ढकलतं त्याच्या सहाशे पट पृथ्वी ढकलते, तेही फुकट आणि चोवीस तास. शिवाय रेकॉर्डच्या कडेपासून आतपर्यंत जाताना टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा हात, वीस-एकवीस अंश फिरतो, म्हणजे प्रत्येक बाजू वाजताना गाभ्याचा पृथ्वीच्या क्षेत्राशी असलेला कोन बदलतो. गाण्याच्या विजेने गाभा बिघडत असेल, तर टर्नटेबल उत्तरेकडे तोंड करून ठेवणं की पूर्वेकडे, याने शंभरपट बिघडायला हवा. (हे वाक्य वास्तुशास्त्रवाल्यांच्या हाती लागू नये.)

आणि खरा दादा अजून यायचाच आहे. कार्ट्रिजचा स्वतःचा चुंबक. गाभा त्याच्याच दोन टोकांच्या फटीत लटकलेला असतो, नाहीतर वीज व्हायचीच नाही. तिथलं क्षेत्र अगदी हात आखडून धरलं तरी ०.१ टेस्ला, म्हणजे एक लाख मायक्रोटेस्ला. पृथ्वीच्या दोन हजार पटींहून जास्त, आणि गाण्याच्या विजेच्या तेरा लाख पट.

मल्टिमीटरचं काय? तो ओहम मोजताना समजा एक मिलिअँपिअर सोडतो. गाभ्यावर क्षेत्र होतं २५ मायक्रोटेस्ला. पृथ्वीच्या निम्मं, आतल्या चुंबकाच्या चार हजारावा हिस्सा. एमसीला मल्टिमीटर लावू नये हे खरंच, पण ते बारीक तारेच्या काळजीने.

म्हणजे गाभ्याची तोंडं कुठे वळलेली असणार, हे तो चुंबक ठरवतो. वीस सेकंदांचं यंत्र संपतं, हिरवा दिवा लागतो, तेव्हाही चुंबक तिथेच असतो. गेरीत एका बाजूने तेरा लाख तोफा अखंड चालू आहेत आणि दुसऱ्या बाजूने कोणी पिचकारी मारून गर्दी ‘विस्कटतो’ आहे. रात्री अकरा वाजता सराफ्यात, इंदूरच्या त्या दिव्यांनी झगमगलेल्या खाऊबाजारात, भुट्ट्याच्या किसाच्या गाडीसमोर उभं राहून उदबत्ती विझवली, तर अंधार पडेल का?

त्यात गाभा मऊ लोखंडाचा, म्हणजे मुळातच मागे फार काही न ठेवणारा. कारखानदाराने तो तसा मुद्दाम निवडलेला असतो.

“टेपरेकॉर्डरच्या हेडला लागतं, मग याला का नको?”

हा आक्षेप सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि तो अगदी रास्त आहे, कारण मूळ गैरसमज इथूनच निघाला असावा असं मला वाटतं. ज्यांनी कॅसेटचं युग पाहिलं त्यांना हेड साफ करून ‘डिमॅग’ करायची सवय होती. वायरचा दांडा हेडजवळ फिरवायचा आणि हळूहळू लांब न्यायचा. आवाजातली खरखर खरोखर कमी व्हायची.

पण कॅसेटमध्ये गाणंच चुंबकत्वाच्या रूपात लिहिलेलं असतं. पट्टीवरच्या भुकटीतले कण, त्यांची तोंडं कुठे वळली आहेत, हेच गाणं. हेडमध्ये चुंबकत्व उरलं तर समोरून जाणारी पट्टी पुसट होते, आधी वरचे सूर जातात, वर हिस्स वाढतो. चुंबकलेलं हेड म्हणजे वहीवर फिरणारं मळकं खोडरबर. आणि हेडच्या आत कायमचा चुंबक नसतो. तिथे चुंबकत्व असणं हीच चूक असते.

एलपीवरचं गाणं प्लास्टिकमध्ये कोरलेलं आहे. सुई चुंबकली काय नि न चुंबकली काय, खाचेला त्याचा पत्ता नाही. आणि कार्ट्रिजमध्ये चुंबकत्व हवंच, ते गेलं तर गाणंही गेलं.

“लोखंडी गाभा आवाज थोडा बिघडवतोच, हे तर शास्त्रज्ञही मानतात”

मानतात. लोखंडाला मागची आठवण असते. तोफ एका बाजूने आली की दुसऱ्या बाजूने, यावर गर्दी वेगवेगळी वागते, त्यामुळे वीज नागमोडीची हुबेहूब नक्कल करत नाही. फरक छोटा असतो, पण असतो. म्हणूनच काहींनी लोखंड टाकून माणिक-प्लास्टिकचे गाभे केले आणि बदल्यात कमी वीज पत्करली.

पण हा लोखंडाचा स्वभाव आहे, त्याच्यावर बसलेली धूळ नव्हे. यंत्र लावण्यापूर्वी होता तितकाच नंतरच्या पहिल्या सुरालाही असतो. औषधाने ताप उतरेल, उंची कशी उतरेल?

“मग आम्ही दोघांनी ऐकलं ते काय, भास?”

नाही, आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण अशा लेखांमध्ये बहुतेक वेळा ‘हा मनाचा खेळ’ म्हणून विषय झटकला जातो. फरक होता, असं मी आजही म्हणेन. श्रेय भलत्याला मिळालं.

त्या सकाळी खोलीत कडाक्याची थंडी होती. दांडीच्या मुळाशी रबराची एक बारीकशी चकती असते, ती दांडीची थरथर आवरते. रबर थंडीत ताठरतं. कार्ट्रिज साधारण २० ते २५ अंश तापमान धरून बनवलेले असतात. रात्री इंदूर १० अंशांपर्यंत उतरलेलं, खोली नुकती उघडलेली. पहिली बाजू वाजली तेव्हा रबर कडक, सुई जराशी अडखळणारी, वरचे सूर चरचरणारे. वीस मिनिटांत वहिनींनी हीटर लावला होता, अँप्लिफायर तापला होता, आणि दांडी वाजून वाजून सैल झाली होती. दुसऱ्यांदा चांगलं वाजणारच होतं. डबा कपाटात असता तरीही.

दुसरी गोष्ट. डब्याला जोडण्यासाठी त्याने वायरींचे प्लग उपसले आणि परत खुपसले. ०.३ मिलिव्होल्टच्या दुनियेत प्लगवरचा ऑक्साइडचा पातळ थर ही लहान गोष्ट नाही. उपसा-खुपसा केली की धातूवर धातू घासतो आणि थर खरवडला जातो. म्हणजे प्लग साफ करायचं काम त्या डब्याने पार पाडलं, तेवढ्यापुरता तो उपयोगी पडला.

तिसरी, पहिल्या फेरीत सुईने खाचेतली धूळ नांगरली. आमच्याकडे उन्हाळा-हिवाळा धुळीला तोटा नाही. पहिल्या फेरीनंतर त्याने ब्रशने सुई पुसली होती, हे मला नंतर आठवलं.

आणि चौथी, आपण. पहिल्यांदा ऐकताना आम्ही पोह्यांबद्दल बोलत होतो. दुसऱ्यांदा दोघेही पुढे सरकून, श्वास रोखून बसलो. अतिविलंबित लयीत दोन मात्रांच्या मधली शांतता तेव्हा ऐकली, जी आधी कानावरून गेली होती. ती रेकॉर्डवर पहिल्यापासून होतीच. काहीतरी बदललं आहे असं सांगून कोणी ऐकायला बसवलं की कान शोधायला लागतो, आणि शोधणाऱ्या कानाला सापडतं. सवाई गंधर्वला जाणारा आणि रिक्षात मोबाइलवर ऐकणारा माणूस तोच असला तरी त्याचे कान एक नसतात.

“पण करून पाहायला जातंय काय?”

पैसे जातात हा एक भाग. कधी कार्ट्रिजही जातं.

डब्यातून दिलेली वीज वेटोळ्यातून वाहते, आणि वेटोळं चुंबकात असतं. असं काय असतं? मोटर. म्हणजे वीज देताना दांडी नाचते. वीज मोजकी असेल तर काही होत नाही, पण घरगुती जुगाडाने जास्त दिली तर केसाहून बारीक तार जळू शकते, दांडीचं मूळ हलू शकतं.

एमएमच्या बाबतीत तर गोष्ट आणखी सरळ आहे. तिथे वेढे हजारोंनी, आणि दांडीवर बसलेला चुंबकच हलतो. उलटसुलट जोरदार वीज दिली तर आपण त्याच चुंबकाला कमजोर करायला निघालो. आमच्या डब्याच्या पत्रकातच, शेवटच्या पानावर, एमएम लावू नये असं बारीक अक्षरांत होतं.

आणि टेप हेडसाठीचा तो जुना वायरचा दांडा कोणाच्या खणात असेल, तर तो कार्ट्रिजजवळ कधीच नेऊ नका. जुन्या कार्ट्रिजमधले अल्निको जातीचे चुंबक तुलनेने लवकर उतरतात. आजचे सॅमेरियम-कोबाल्ट किंवा निओडिमियमचे सहजी उतरत नाहीत, पण दांडा सुईला हिसका देईल आणि दांडी वाकेल. वाकलेली दांडी सरळ होत नाही.

एक जुना तोडगा बिनखर्चाचा आहे: कार्ट्रिजच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून रेकॉर्ड वाजवायची. त्याने वीज दहापट होते, क्षेत्रही दहापट, तरी पृथ्वीच्या साठावा भाग. नुकसान नाही, फायदाही नाही.

घरच्या घरी पारख

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, स्वतः करा. फक्त ‘आधी-नंतर’ असं ऐकून ठरवू नका, कारण वर सांगितलेले चारही चोर त्यात शिरतात.

आधी अर्धा तास कुठलीही रेकॉर्ड वाजवून कार्ट्रिज गरम होऊ द्या. सुई पुसा, प्लग एकदा काढून घाला. मग एकाच गाण्याचं एक मिनिट पाच वेळा वाजवून संगणकावर उतरवून घ्या, आवाजाची खुंटी न हलवता. आता डबा लावा आणि तेच मिनिट पुन्हा पाच वेळा उतरवा. दहा फायली झाल्या. घरातल्या तिसऱ्या माणसाने, जो गाण्याबद्दल बोलणार नाही अशा, नाणं उडवून छाप-काट्याप्रमाणे आधीची किंवा नंतरची फाइल लावायची. तुम्ही सांगायचं कोणती. दहा वेळा.

दहापैकी सात बरोबर आले म्हणून उडी मारू नका. नुसत्या अंदाजाने बोलणाऱ्यालाही सात किंवा जास्त मिळण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. नऊ किंवा दहा मिळाले तर ती जेमतेम १ टक्का. तेव्हा मला फोन करा, मी हा लेख मागे घेईन.

आमच्याकडे वहिनी नाण्यावर बसल्या. मावसभाऊ सहा, मी चार.

पैसे घालायचेच असतील तर

सुईचा दाब मोजायचा लहान डिजिटल काटा घ्या. काही शे रुपयांत येतो. बहुतेक कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम लागतात, नेमका आकडा पत्रकात असतो. लोक ‘रेकॉर्ड झिजेल’ म्हणून दाब कमी ठेवतात आणि सुई खाचेत टणाटण उडून उलट जास्त झिजवते. सुई खाचेशी सरळ बसली आहे का ते पाहायचा छापील तक्ता मिळतो, तो वापरा. रेकॉर्डी धुवा. हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते, आणि मागच्या मालकाने किती तास वाजवली हे तुम्हाला ठाऊक नसेल तर बदलून टाका. एमएम असेल तर जोडणारी वायर विनाकारण लांब ठेवू नका. तिची विद्युतधारकता वरच्या सुरांचा तोल बदलते, आणि हा फरक कुठल्याही डब्यापेक्षा मोठा असतो.

मावसभावाला मी हे सगळं सांगितलं. काटा त्याने आणला, दाब पाऊण ग्रॅम कमी निघाला. डबा मात्र अजून शोकेसमध्ये आहे.

मागच्या महिन्यात त्याने माळ्यावरून आमच्या मामांचा पेटीवजा प्लेअर काढला. झाकणात स्पीकर, आणि सुईची खुंटी अशी की एका बाजूने ७८च्या तबकड्या, फिरवली की एलपी. अशा पेट्यांत सिरॅमिक कार्ट्रिज असतो. दाबलं की वीज सोडणाऱ्या स्फटिकासारख्या वडीचा. त्यात वेटोळं नाही, लोखंडी गाभा नाही, चुंबक तर नाहीच नाही. मी फोनवर हे सांगेपर्यंत त्याने त्याच्या टोकांना डब्याच्या वायरी जोडल्या होत्या.

“मग काय झालं?”

“काय होणार? वीस सेकंद थांबला, हिरवा दिवा लागला.”